मामांचा पलटणीतला पावा

३ मे १९३६, इंदापूर

बिरदेवमामा आले! बगलेत वळकटी, हातात पावा. दीड वीत लांबी, पण आवाज असा की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. पलटणीत वीस वर्षं हाच वाजवला. गोरे साहेबसुद्धा त्याच्या तालावर पाय टाकायचे म्हणे. आता माझ्या लग्नात वाजवणार. मेलो!

४ मे

आईला म्हटलं, भावाला आवर. "तूच सांग," म्हणाली. सांगितलं. मामा लगेच वळकटी बांधायला लागले – "मामाबिगर लाव जा लगीन!" अंतरपाटाशी माझ्यामागं उभं कोण राहणार? पाया पडलो.

६ मे

कचेरीतले कारकून आत्तापासूनच टेबलावर बोटांनी परेड वाजवतात. त्यांचं एक वेळ सोसेन. पण नवरीनं, फुलानं, मला अजून पाहिलेलं नाही. सगळं वडीलधाऱ्यांनीच ठरवलं. पहिलंच दर्शन, आणि ते असं!

९ मे

काल सणसरला लागलं एकदाचं लग्न.

मारुतीला नारळ फोडून मिरवणूक निघाली. राजमहंमदच्या बँडनं संथ चाल धरली होती. मामांना ती कुठली पटायला! त्यांनी पावा ओठाला लावला. आधी ढोलवाला फितूर झाला, मग सगळं वऱ्हाड – डावा, उजवा, डावा, उजवा! घोडीसुद्धा टपाटप निघाली. द्वारकाआत्या ओटीच्या सामानाची टोपली डोक्यावर घेऊन परेड करत होत्या. मी एका हातानं बाशिंग, दुसऱ्यानं आयाळ धरून ओरडतोय, "मामा, हळू!" ऐकतंय कोण?

दीड तासाची मिरवणूक अर्ध्या तासात मांडवाच्या दारात! सासरे नुसत्या बंडीवर बुंदी पाडतायत, भटजी आडवे झालेले. घरातली सगळी माणसं धावत पुढं आली. त्यात कुणीतरी बाई खो खो हसत होती. लाजेनं मी मान वर केली नाही.

१३ मे

फुला आज पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, नवरा चाळिशीचा, खाष्ट हाय. "गाठुडं बांधून मागच्या दारात उभी व्हते. निघणारच, तेवढ्यात त्यो पावा! म्हटलं, बगू तरी. तर घोडीवर तुमी, बाशिंग धरून वरडताय. हसू आवरंना. गाठुडं सोडलं."

म्हणजे मी वेळेवर पोचलो असतो तर!

तडक जाऊन मामांचे पाय धरले. का, ते सांगितलं नाही.