मातीवरचे दगडफूल

मार्गशीर्ष वद्य ३, सोमवार
श्रावणात रमण्यावर पेशव्यांची दक्षिणा घेतली, त्यानंतर इथे एक अक्षर नाही. वहीपुढे खजील आहे. औषधींच्या निघंटूची शुद्ध प्रत करण्यात महिने गेले. शुक्रवारी बापूभट वैद्य ती घेऊन काशीला निघणार. तिथे तिच्यावरून आणखी प्रती होतील.

आज पर्वतीच्या मागच्या उतारावर. उद्या शतावरीची मुळे काढायची, म्हणून रीतीप्रमाणे आदल्या दिवशी तिला निमंत्रण द्यायला. अक्षता वाहिल्या, तांब्यातले पाणी शिंपडले. शेजारी मातीवर राखाडी खपली, मेलेली. तिच्यावर चार थेंब पडले आणि बघता बघता हिरवीगार! शेवाळे? वाकून पाहिले. पान नाही, देठ नाही. मसुरीएवढे खवले, वर खसखशीहून बारीक काळे ठिपके.

घरी येऊन परसातल्या आंब्यावरच्या दगडफुलावर पाणी टाकले. तेही हिरवे! कुटुंब म्हणते, "अहो, ते मसाल्यात घालतात. आंघोळ कसली घालताय?"

पण निघंटूत मी लिहिले आहे: दगडफूल दगडावर व सालीवर होते, मातीवर कधीच नाही. वाक्य गुरुजींचे. पाठशाळेत बारा वर्षे घोकले. चाळिशी उलटली, एकदाही जाऊन पाहिले नाही.

वद्य ४, मंगळवार
शतावरी राहिलीच. खपलीखाली दगड असेल तर? खुरप्याने चार बोटे खणले. माती, मुरूम, पुन्हा माती. दगड नाही!

शेळ्या राखणारी ठकूबाई हसत उभी. "काय पुरलंय का हितं, भटजीबुवा?" खपली दाखवली. "ही व्हय? वड्यापल्याड बी हाय, शेळ्या जात न्हाईत तिथं. वली झाली की पाय घसरतो." नाव विचारले. "घसरायच्या जिनसाला नाव कशाला?"

वद्य ५, बुधवार
गुरुजींकडे. त्यांची दृष्टी गेली आहे. खवला त्यांच्या तळहातावर ओला केला, ते अंगठ्याने चाचपत राहिले. बापूभट तिथेच, मला म्हणाले: "शास्त्रीबुवा, पोथी बासनात बांधून झाली. आता काशीकरांना पुण्याची माती दाखवायची का?"

गुरुजींनी खवला माझ्या हाती परत दिला. म्हणाले, "वाक्य माझे आहे. चुकलेही असेल. पण एका जागेवरून ठरत नाही. दुसरी दाखवा, मग त्या ओळीवर हरताळ लावून ती खोडा."

बापूभटांनी कुरकुरत बासन माझ्या हाती दिले. उद्या संध्याकाळपर्यंतच.

वाटेत जवळजवळ धावत होतो. हा आनंद खपलीचा, की गुरुजींची चूक सापडल्याचा? खरे सांगायचे तर…

उद्या: ठकूबाईला घेऊन ओढ्यापलीकडे जाणे.