राजाला नाही म्हणणारे दोन प्रधान

४ डिसें.
पुढच्या आठवड्यात कॉलेजात माझं व्याख्यान. विषय मीच दिला: राजाला नाही म्हणून जीव गमावलेले दोन प्रधान. इंग्लंडच्याने राजाला धर्मप्रमुख मानायची शपथ घेतली नाही. चीनच्याने पुतण्याची गादी बळकावणाऱ्या चुलत्याचा जाहीरनामा लिहिला नाही. तुलना सोपी वाटली होती.

६ डिसें.
हे पाथरीहून आले. जेवताना बोलले. मंडळ अधिकारी म्हणून गायरानाचा अहवाल यांनी द्यायचा. तिथं सोलर प्लांट येणार. ‘जागा रिकामी’ लिहा, म्हणून साहेब मागे लागलेत.
‘मग, आहे का रिकामी?’
‘मी तिथं चहा पिऊन आलो, सुनंदा. लेकरं खेळायलीत अंगणात.’

७ डिसें.
सही करणार नाही म्हणतात. साहेबांनी चौकशी लावायची भाषा केलीय. आमच्या सईची बारावी, तिचं पुढचं शिक्षण...
‘करून टाका. तुमी नाही केली तर दुसरा करील,’ मी म्हणाले.
‘अन् व्याख्यानात काय सांगणारेस?’
मी भांडी घासायला उठले.

९ डिसें.
वाचनात लक्ष लागेना. इंग्लंडच्या प्रधानाची बायको तुरुंगात येऊन रागावते: घर आहे, बाग आहे, पुस्तकं आहेत, बाकीच्यांनी घेतली तशी शपथ घ्या अन् चला. दरवर्षी हा प्रसंग सांगून मी वर्गाला हसवते. आज हसू आलं नाही. तिला बसायला तरी कुणी दिलं असेल का?
चीनच्याचे नातेवाईक मारले, शिष्यही मारले. एक एकटा गेला, दुसरा सगळ्यांना घेऊन. मग मोठा कोण? लिहिलं अन् खोडलं.

११ डिसें.
व्याख्यान झालं. टाळ्या बऱ्या. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, ‘मॅडम, त्या चीनच्या प्रधानाच्या घरच्यांना कुणी इचारलं होतं का?’
तशी नोंद नाही म्हणाले. ती उभीच. मलाच खाली बघावं लागलं.
घरी हे शर्टाला इस्त्री करत होते. उद्या साहेबांनी बोलावलंय.

१२ डिसें.
सकाळी निघताना हे दारात थांबले. ‘तुला इचारायलोय, सुनंदा. सांग, मग जातो.’
सई आत मोठ्यानं पाठ करत होती. गायरानातली ती अंगणं मी पाहिलेली नाहीत, पण डोळ्यापुढून हलेनात. ‘करा’ म्हणवेना. ‘करू नका’ही म्हणवेना.
‘डबा घ्या,’ मी म्हणाले.
यांनी घेतला. जरा हसले. माझ्या बोलण्याचा काय अर्थ लावला, कुणास ठाऊक. दुपारपासून दोनदा फोन लावला, उचलत नाहीत. सई विचारतेय, बाबा कुठंत.