लाल साडीतली बाई

४ फेब्रु., मंगळ.
आमचं जुनं वाचनालय बंद होतंय. हवी ती पुस्तकं न्या म्हणाले. थेट रहस्यकथांच्या कपाटाशी गेले. तोच वास. मुखपृष्ठावर तीच लाल साडीतली बाई, बोटांत सिगरेट. शाळेत असताना सुलू नि मी ही आलटून पालटून वाचायचो, विठ्ठलवाडीच्या चाळीत, गॅलरीत पाय सोडून. ह्यांत बायका दोनच प्रकारच्या. एक किंचाळते, शेवटी डिटेक्टिव्हच्या खांद्यावर रडते. दुसरी लिपस्टिक लावते, म्हणजे विष तिनेच घातलेलं. सुलू म्हणायची, "मला दुसरी व्हायचंय. ती निदान काहीतरी करते तरी."
पिशवीभर आणली.

५ फेब्रु., बुध.
वि.वाडीला, सुलूच्या आईकडे. काकूंना आता दिसत नाही, सून कामावर, म्हणून बुधवारी मी वाचून दाखवते. आज पोथीऐवजी रहस्यकथा. काकू खूश. मधेच म्हणाल्या, "ह्या लाल साडीवालीला एकदा तरी कुणी विचारलं का, बाई गं, तुझं काय म्हणणं आहे?"
सुलू उल्हासनगरच्या हरीशबरोबर पळून गेली तेव्हा सगळ्या चाळीने तिला ह्या पुस्तकांतलीच बाई ठरवलं. बिनबाह्यांचा ब्लाउज, लिपस्टिक. लक्षणं आधीच दिसत होती म्हणे. काकांनी नाव टाकलं. काकूंनीही. चाळीस वर्षं. काका गेले तरीही...

८ फेब्रु., शनि.
हिंमत केली. उल्हासनगर, हरीशचं कापडदुकान. गल्ल्यावर सुलूच. केस पांढरे, लिपस्टिक लालभडक. गिऱ्हाइकाशी फाडफाड सिंधी. मला बघून, "माले! किती सुटलीस गं!" मग ताग्यांच्या आड दोघी रडलो.
काकूंचं वाक्य सांगितलं.
"आई असं म्हणाली? आई?"
"बुधवारी चल."
"हाकललं तर?"
"त्यांना दिसत नाही. सांगेन, वाचायला एक बाई आणलीय."
"म्हणजे परत चोरूनच."
पण येते म्हणाली.

१२ फेब्रु., बुध.
आली. जिन्यात रुमालाने लिपस्टिक पुसायला लागली, मग थांबली. "राहू दे. तिला कुठे दिसतंय."
वाचायला बसली. आवाज कापत होता. पुस्तकात खून पडल्यावर जरा स्थिरावला. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. प्रकरण संपलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "दमली असशील. पाणी घे."
सुलू पाणी न घेताच उठली.

१३ फेब्रु., गुरु.
राहवेना. परत वि.वाडी. काकू कॉटवर बसलेल्या.
"कालची कुठंय?"
"तिच्या घरी."
"पूर्णविरामाला थांबतच नाही. शाळेतही अशीच वाचायची. गुरुजी ओरडायचे."
"परत बोलावू?"
काकूंनी पदर सारखा केला. मग, "तिच्या बापाने शपथ घातली होती मला." पुढे काही नाही. मी चपला घालत होते तेव्हा म्हणाल्या, "पुस्तक इथेच ठेवून जा."
घरी येऊन सुलूला फोन. सगळं सांगितलं. पलीकडे दुकानातला गलबला. गल्ला बंद केल्याचा आवाज आला.
मग म्हणाली, "दुपारी झोपते ना ती अजून? किती वाजता उठते?"