डॅटसनचे डोळे

अण्णा,

पहिल्या शिफ्टला निघालोय. टेबलावरच्या माझ्या डॅटसन गाडीच्या छोट्या मॉडेलला हात लावायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं? दोन महिने एकेक भाग घासून चिकटवत होतो. गाडीचे दिवे कोऱ्या काचेचे असतात हो! त्यांत तुम्ही गणपतीचे डोळे आखलेत, पापण्यांसकट!

थिनरचा बोळा घेऊन पुसायला बसलो, तर गाडी माझ्याकडेच बघायला लागली. हात चालेना. नुसती चिडचिड.

हात थरथरतो म्हणून गणपतीच्या कारखान्यातली डोळ्यांची आखणी सोडली, असं आम्हाला सांगितलंत. मग वाटाण्याएवढ्या दिव्यात ही रेघ कशी आली? जराही हललेली नाय.

भाकरी झाकून ठेवलीय. दुपारी आलो की सांगायचंच, कारखान्यात तुम्हाला कोण काय बोललं?

सुहास