पत्नीचा सध्याचा पत्ता

९ जानेवारी १९९४

ती. बाबांस,
राधाचा सा. न. वि. वि.

जाड पाकीट बघून घाबरू नका, आत व्हिसाचा अर्ज आहे. नोकरीतून मोकळ्या झालेल्या वयस्कर नवराबायकोला इथे राहू देतात. खर्चाची हमी मी घेणार आहे. माझ्या वॉर्डातल्या एका सिस्टरने तिच्या आईवडलांना असंच आणलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

बाबा, चुका मात्र करू नका हो. एवढ्यातेवढ्यावरून लोकांचे अर्ज अडकून पडतात. नाव सगळीकडे एकच लिहा, जयवंत धोंडू राऊळ. मिलच्या पासावर जयराम पडलंय, ते इथे चालणार नाही. त्याचं ॲफिडेव्हिट करून घ्या. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरचीच घाला. खाडाखोड नको. फोटोत हसू नका. दलालाच्या तर वाटेलाही जाऊ नका. आणि विचारलंय तेवढंच लिहा. तुम्ही संपाची सगळी हकिगत लिहायला घ्याल, मी ओळखून आहे! आईचा भाग तुम्हीच भरा आणि तिची सही गावाहून मागवा.

गेल्या महिन्यात मला ताप होता. मी स्वतः नर्स, औषधपाणी कळतं, पण दिवसभरात कुणाची हाक म्हणून कानावर आली नाही. शेवटी चहाच्या भांड्याशी मालवणीत बोलत बसले. हसू नका. घरात आपलं माणूस असावं, एवढंच माझं मागणं आहे. आईला मी वेगळं पत्र टाकलं आहे.

तुमची माझ्यावर माया आहेच, ती आता घेऊनच या.

तुमची लेक,
राधा

*

लालबाग, २ फेब्रुवारी १९९४

चि. राधास बाबांचे अनेक आशीर्वाद.

अर्ज भरला गो बाय. आधी सगळं पेन्सिलीने लिहिलं, मग त्यावरून पेन फिरवलं. खाडाखोड शोधून दाखव! कोर्टाबाहेरच्या रामदास टायपिस्टाने ॲफिडेव्हिट करून दिलं, की जयराम आणि जयवंत हा एकच इसम आहे. फोटोवाला म्हणत होता, काका, जरा तरी हसा. मी त्याला तुझा हुकूम सांगितला.

संपाबद्दल काही लिहिलं नाही. नोकरी का सुटली असा एक रकाना होता, तिथे लिहिलं की गिरणी पुन्हा सुरू झाली, आम्हाला आत घेतलं नाही. एका ओळीत बसलं. गिरणीनंतर केलेली मसाल्याच्या दुकानातली नोकरीही लिहिली. पत्नीचा सध्याचा पत्ता विचारला होता, तो गावचा पिनकोडसकट घातला.

मी बरा आहे. या खोलीत आम्ही अठरा गाववाले पाळीपाळीने झोपायचो, तुला आठवत असेल. संपात एकेकाने ट्रंक उचलली ती उचललीच. आता खोली अंगावर येते. मी रेडिओ चालूच ठेवून गॅलरीत पडतो, म्हणजे आत कुणीतरी बोलतंय असं वाटतं. तुझ्या भांड्याशी बोलण्याला मी कशाला हसू?

तब्येतीला जप. तुझ्या गावाचं नाव मला अजून लिहिता येत नाही, तू छापून पाठवलेली चिठ्ठीच पाकिटावर चिकटवतो.

तुझे,
बाबा

*

लालबाग, २० एप्रिल १९९४

सौ. शेवंता हिस अनेक आशीर्वाद.

तुला राग येईल असं लिहितो आहे, तेव्हा आधी पाणी पी. व्हिसाच्या कचेरीतून पत्र आलं. आपले पत्ते दोन, रेशनकार्डं दोन, बँकेची खाती वेगळी. नवराबायको एकत्र राहतात असं कुठे दिसत नाही म्हणे. तेव्हा यांचं लग्न अजून टिकून आहे का, असं त्यांना विचारायचं आहे. जून महिन्यात दोघांना मुलाखतीला बोलावलंय.

राधाने सगळ्या चुका सांगितल्या, ही एक तिच्या ध्यानात आली नाही. येणार कशी? तिने जन्मभर बाप मुंबईत आणि आई गावी हेच बघितलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या खोलीत कुणाची बायको इथे होती?

तर तू ये. वेगवेगळं बसवून विचारतात म्हणे, नवरा सकाळी काय घेतो, कसा झोपतो. माझं लिहितो ते पाठ कर. चहा बिनसाखरेचा. मला दोन वर्षं साखर आहे, तुला घोर नको म्हणून कळवलं नव्हतं. झोपतो गॅलरीत. डावा गुडघा दुखतो. तुझं काय ते तूही लिहून पाठव, मी पाठ करतो.

गाईची सोय लाव. बाकी भेटीअंती.

जयवंत

*

गाव वरचीवाडी, ता. कुडाळ, २ मे १९९४

राधाच्या बाबांस शि. सा. न. वि. वि.

पाणी प्यायले. राग गेला नाही. अंगात साखर घेऊन गणपतीत आलात, मी गुळाच्या रसातल्या खापरोळ्या वाढत गेले आणि तुम्ही मुकाट्याने खात गेलात! काय म्हणू तुम्हाला? माझ्या हातून काही झालं असतं म्हणजे?

त्या साहेबाचं काही चुकलेलं नाही. त्याने विचारलं तेच मी मनात विचारत होते. सासूबाई होत्या तोवर माझं कळत होतं, त्यांना टाकून कुठे येणार? त्या गेल्या. खोली रिकामी झाली, तेही तुम्हीच कळवलंत. त्यानंतर एकदा तरी ये म्हणालात? दर गणपतीला तुम्ही पिशवी भरायला घेतलीत की मी उंबऱ्यात उभी राहायची, आता म्हणतील, चल. तुम्ही म्हणायचात, गाईकडे बघ. आता कागदाने विचारलं तेव्हा ये म्हणता.

आज लिहितेच. संपात तुम्ही गावी होतात, तेव्हा घरात भात नव्हता, नुसती पेज. लोक माझी कीव करत आणि मला लाज वाटायची, कारण मला आतून बरं वाटत होतं. रोज तिन्हीसांजेला माणूस घरात होतं. हे मी कुणाला बोलले नाही.

गाय जाऊबाईंकडे दिली आहे. येते. माझं काय लिहून पाठवू? मला काय आवडतं ते कुणी विचारलंच नाही, तर मला तरी कसं ठाऊक असणार? मी पाठबिठ करणार नाही. विचारतील त्याचं खरं ते सांगेन.

औषध वेळेवर घ्या, नाहीतर गाठ माझ्याशी आहे.

शेवंता

*

लालबाग, ३ जुलै १९९४

चि. राधास आईचे अनेक आशीर्वाद.

मुलाखत झाली आणि आम्ही नापास झालो. आधीच सांगते, बाबांच्या पत्रात ते गोल गोल फिरून येईल.

बाबांना विचारलं, बायकोला जेवायला काय आवडतं. हे छाती काढून म्हणाले, सुरमईची कढी. मला दुसऱ्या खोलीत तेच विचारलं. मी सांगितलं, मला मासे आवडत नाहीत, हे गावी यायचे तेव्हा यांच्यासाठी करायची आणि दोन घास खायची. एरवी माझ्या ताटात कुळथाची पिठी असते. दुभाषी बाई हसली, साहेब हसला नाही. मग त्याने विचारलं, नवरा घोरतो का. मी म्हटलं, ते गॅलरीत झोपतात आणि मी आत, मला काय ठाऊक!

बाहेर आल्यावर हे बाकावर बसून राहिले. बाकी सगळं बरोबर आलं, मासा तेवढा हुकला म्हणाले. मग बसस्टॉपवर मला विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस. मी म्हटलं, वर्षातून पंधरा दिवस तुम्ही यायचात, त्यात मी माशावरून भांडत बसू? त्यांचे डोळे भरून आले, बाय. मी दुसरीकडे बघितलं.

आता अंथरूण आत आणलंय. घोरतात. पुढच्या वेळी साहेबाला सांगेन.

तू वेळेवर जेवत जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझी आई

*

१२ ऑगस्ट १९९४

ती. आईबाबांस,
सा. न. वि. वि.

नामंजुरीचं पत्र मलाही आलं. ड्युटीवर होते, म्हणून बाथरूममध्ये जाऊन रडले. चूक माझीच आहे. फोटोत हसू नका म्हणून सांगत बसले आणि तुम्ही दोघं एका घरात राहत नाही, हे मला दिसलं नाही.

पण परत अर्ज करता येतो. वर्षभर एकत्र राहिल्याचा पुरावा हवा. आईचं नाव लालबागच्या रेशनकार्डावर चढवा, बँकेत खातं दोघांचं करा. आई, या वर्षी गणपतीलाही गावी जाऊ नकोस. मी तुमच्यासाठी उन्हाची खोली रिकामी केली आहे. कोपऱ्यात देवही मांडले. वर्ष काय, बघता बघता जाईल.

इथून नमस्कार पाठवते, पुढचा प्रत्यक्ष करीन.

राधा

*

लालबाग, २४ सप्टेंबर १९९५

चि. राधास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नवा अर्ज मिळाला. तो कोरा आहे आणि कोराच राहणार आहे. रागाव, तुझा हक्क आहे.

पुरावे सगळे झाले गो. कार्डावर आईचं नाव आहे, खातं दोघांचं आहे. शेजारच्या मीराबाईशी नळावर कडाकडा भांडते आणि दुपारी तिच्याचकडे तांदूळ निवडायला जाऊन बसते. माझी साखर उतरली. पिठी मला आवडायला लागली आहे. मी पेन घेऊन बसलो, तर तिने अर्ज उचलून ट्रंकेवर ठेवला. म्हणाली, सतराव्या वर्षी लग्न झालं, जन्मभर दुसऱ्यांच्या चुलीपुढे बसले, स्वतःचं घर आता या वयात मिळालं आहे. ते मोडून दुसरीकडे मांडायला मला सांगू नका. तुझ्यासाठी तिचा जीव तुटतो. पण हलणार नाही म्हणते.

आणि खरं सांगू? मी तिला समजावलं नाही. मलाही हे हवं आहे. तू तिथे एकटी आहेस हे ठाऊक असून लिहितो आहे, त्याचं मला वाईट वाटतं. तूच ये म्हटलं असतं, पण तुझ्या नोकरीवर आपण सगळे उभे आहोत.

पोरी, आम्हाला समजून घे.

बाबा

ता. क. राधा, आईला माफ कर गो. लाडू पाठवते आहे. तब्येत सांभाळ. — आई

*

१५ ऑक्टोबर १९९५

ती. आईबाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रागावले आहे. त्या दिवशी तुमच्या चाळीखालच्या शामरावांच्या दुकानात फोन लावणार होते. नंबर फिरवायला घेतला आणि फोन ठेवून दिला. फोनवर माझा आवाज ऐकला असता तर आई आली असती. म्हणून नाही केला.

अर्ज आता पाठवणार नाही. उन्हाच्या खोलीत इस्त्रीचं टेबल परत नेऊन ठेवलं, देव तिथेच राहू दिले. तुम्ही दोघं सुखात आहात, मला आनंद व्हायला हवा. होईल. थोडे दिवस लागतील.

एक मागते, तेवढं नाही म्हणू नका. पूर्वी मला दोन पत्रं यायची, बाबांचं लालबागहून, आईचं गावाहून. एक आज वाचायची, दुसरं उद्यासाठी ठेवायची. तुम्ही एका घरात आलात तसं एकच पाकीट येतं, खाली आईच्या दोन ओळी. जिना चढेपर्यंत वाचून होतं. तर दोघं वेगवेगळी लिहीत जा, आणि वेगवेगळ्या दिवशी पेटीत टाका. दोघांनी तेच तेच लिहिलंत तरी चालेल.

तुमची,
राधा