विहिरीच्या आधी

४ जाने., रवि.
दादाच्या गोष्टीवरचा सिनेमा अखेर पाहिला. घरीच, मोबाइलवर. दहापैकी... नाही, आज गुण देत नाही. पुस्तकावरून काढलेल्या प्रत्येक सिनेमावर मी फाडफाड बोलते. परवाच ऑफिसात डबा खाताना एकाची चिरफाड केली: कादंबरीतली म्हातारी विडी ओढते, सिनेमात तिच्या हातात जपमाळ कुठून आली? आणि आता घरचंच प्रकरण.

गोष्टीत थोरली बहीण मारकुट्या नवऱ्याचं घर सोडते आणि एस.टी.त बसते. संपली गोष्ट. ती म्हणजे आमची अक्का, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक. सिनेमात ती स्टँडपर्यंत जाते, मागे फिरते आणि विहीर जवळ करते.

अक्का पिंपळनेरला पिठाची गिरणी चालवते. चाळीस वर्षं. ठणठणीत आहे!

५ जाने.
खरं काय ते लिहून टाकते. दादा गेल्यावर सिनेमाच्या कागदावर सही माझी. दिग्दर्शकाने फोनवर विचारलं होतं, "ताई, शेवट जरा बदललाय, चालेल ना?" मी म्हणाले, तुम्हाला त्यातलं जास्त कळतं. पडद्यावर दादाचं नाव येणार, एवढ्यावरच हुरळले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे. काय बदललं, हे विचारलंसुद्धा नाही.

१० जाने., शनि.
अक्काचा फोन. "मन्हावर सिनेमा निंघना म्हने. माले दखाड."
संक्रांतीला येऊन दाखवते म्हटलं. दुसरं काय म्हणणार...

१४ जाने., बुध. पिंपळनेर
धुळ्याला गाडी बदलली. वाटभर मनात जुळवाजुळव, एक वाक्य धड जमलं नाही.
अक्काने बाजरीचं शेवटचं दळण काढलं, गिरणी बंद केली, जवळ येऊन बसली. केसांवर पीठ तसंच. मोबाइल मी हातात धरलेला.
"सासू लई गोरी शे," म्हणून हसली. मारहाणीच्या प्रसंगात तोंडाला पदर. नायिकेने काम सुरेख केलंय, ते मान्य. ती पिशवी घेऊन स्टँडवर उभी राहिली आणि मी बोट लावून बंद केलं.
"संपना?"
"संपला."
"भाऊनी बठ्ठं बराबर लिखं," म्हणाली, सगळं अगदी बरोबर, आणि डोळे पुसले. मला तिथेच भोकाड पसरावंसं वाटलं. म्हटलं, खोटं बोलले तरी पुण्याचंच.

१९ जाने., सोम.
पुण्य अंगाशी आलं. अक्काने गावभर सांगितलं. येत्या रविवारी दुपारी बचत गटाच्या बायकांना समाजमंदिरात मोठ्या पडद्यावर दाखवायचा. मी दोन शब्द बोलायचे, "तू तं सिनेमावर कायमच बोलस." तिथे बंद करायला माझं बोट नसणार.

२२ जाने.
सांगून टाकलं. फोनवर. विहीर, सही, मी मध्येच बंद केलं ते, सगळं. पलीकडे गिरणी चालू होती, मग ती थांबली.
"माले इचारं नही तू?"
एवढंच. फोन ठेवला. दिग्दर्शकाचा राग येईना, स्वतःचाच आला. चाळीस वर्षं जी बाई कुणाला भ्याली नाही, तिच्या जगण्या-मरण्याचं मी परस्पर ठरवून मोकळी.

२३ जाने.
दोनदा फोन केला. उचलला नाही.

२४ जाने., शनि.
सकाळी तिचाच आला. शेजारच्या सुनेच्या मोबाइलवर शेवट पाहिला म्हणे. दोनदा. मी घाईघाईने म्हटलं, कार्यक्रमच नको, नाहीतर मी स्टँडपाशी थांबवते.
"काही बंद करू नको. मरू दे माले पडदावर. मंग मी उठीसन बठ्ठ्या बायासले सांगसू, आते मन्हं ऐका."
"आणि मी?"
"तू बी उभी ऱ्हाय. सही कशी करी, ते सांग."
आवाजात राग होता की नाही, अजून कळत नाहीये. उद्या सकाळची धुळ्याची गाडी धरायची आहे. दोन शब्द लिहायला बसले. 'अक्काला न विचारता मी सही केली' इथपर्यंत आलंय, पुढे...