पाण्याचा घसारा

५ सप्टेंबर, सकाळ
पाणी २१.८. धक्क्याच्या टोकाशी जाऊन, थर्मामीटर दोरीने हातभर खोल सोडून घेतलेली नोंद. नंतर बोटघराच्या फळ्यावर खडूने लिहिली. जलाशयात पोहणाऱ्या मंडळींनी तापमानाचे काम एकमताने माझ्याकडे सोपवले आहे. नियमही मीच घालून दिला: फळ्यावर चौदा किंवा अधिक असेल तरच पाण्यातल्या मनोऱ्यापर्यंत जायचे, अन्यथा काठाकाठाने. शिस्त असली की जीव सुरक्षित राहतो.
मेहुण्याने सर्वांसमक्ष विचारले, की भाऊजी, तुम्ही काठावर उभं राहून किती वर्षं पोहणार? मी शांतपणे सांगितले, की कोमट पाण्यात कोणीही उतरतो. पाणी सोळावर येऊ दे, त्या दिवशी मी उतरेन. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. ही टोपी घालून पाण्यात गेली.
पोहण्याची चड्डी विकत घेतली. निळी.

१९ सप्टेंबर
पाणी १९.६. कुतूहल म्हणून आज पूर्ण दोरी सोडली. तळाशी ९. दोन वेळा तपासले. म्हणजे वर माणसे हसतखेळत पोहतात आणि त्यांच्या पायांखाली नऊ अंशांचे काळे पाणी स्वस्थ पडून असते. हे फळ्यावर लिहिले नाही. लोक विनाकारण घाबरतात.
सोमवारपासून घरी थंड पाण्याने आंघोळ. पूर्वतयारी.

२३ सप्टेंबर
सोमवार होऊन गेला. सर्दीची शक्यता वाटल्याने आंघोळ पुढे ढकलली.

२७ सप्टेंबर
पाणी १८.४. नोंद घेतल्यानंतर दोरीची गाठ सुटली आणि थर्मामीटर तळाशी गेला. गाठ मीच मारली होती, परंतु दोरी निकृष्ट होती. नवीन मागवला, दुकानदार म्हणाला महिनाभर लागेल. मंडळींना कळवण्याचे कारण दिसत नाही. उगाच व्यवस्थेवरचा विश्वास उडतो.

२८ सप्टेंबर
तोडगा सापडला. कारखान्यातल्या यंत्राची किंमत दरवर्षी घसाऱ्याने ठरावीक रकमेने कमी होते. ती काढायला कोणी यंत्राजवळ जात नाही. पाण्याचेही तसेच. पाच तारखेपासूनची घट भागिले दिवस, म्हणजे रोज ०.१५. आज १८.२५. धक्का निसरडा असतो, त्यावर जाणेही वाचले. दोन दशांश स्थळे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की हल्ली फारच बारकाईनं मोजता हो तुम्ही.
मला समाधान वाटले.

६ ऑक्टोबर
१७.०५. ही बाहेर आली तेव्हा ओठ निळसर. म्हणाली, अहो, आज पाणी बोचतंय. मी फळा दाखवला. ती फळ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, असेल बाई.
शरीर हे मोजण्याचे साधन नव्हे.

११ ऑक्टोबर
१६.३०. मेहुणा बोट वल्हवतो. त्याने बोटीच्या आडोशाला माझ्यासाठी टॉवेल अडकवून ठेवला आहे. परवा सोळा होणार हे त्याने बोटांवर मोजून काढले. म्हणाला, कॅमेरा आणतो, भाऊजी, नाहीतर पुढच्या पिढीला खरं वाटायचं नाही.
चड्डी घालून पाहिली. कंबरेत घट्ट.

१२ ऑक्टोबर
रात्रभर विचार केला. एवढा मोठा साठा इतक्या वेगाने थंड होणे शास्त्रीयदृष्ट्या संभवत नाही. दर आजपासून ०.०२ केला. आज १६.२८. निर्णयाचा माझ्या उतरण्याशी काहीही संबंध नाही.

१३ ऑक्टोबर
१६.२६. मेहुणा कॅमेरा घेऊन आला होता. फळा वाचून म्हणाला, पाणीसुद्धा तुमच्याच बाजूचं दिसतंय. बाकीचे हसले.

१७ ऑक्टोबर
१६.१८. हिला दिवसभर हुडहुडी. पाणी सोळा असताना इतकं का गारठायला होतं म्हणून तिने रक्त तपासून घेतले. सगळे ठीक निघाले. डॉक्टरीणबाईंनी आजपासून येणे बंद केले. म्हणाल्या, फळा खोटं बोलत नाही, माझंच वय झालं. मी त्यांना धीर दिला. वयानुसार असे होते.

२० ऑक्टोबर
१६.१२. पाण्याला चिखलाचा, कुजट वास. रंग गढूळ. दगडांच्या कपारीत बोटाएवढे मेलेले मासे, पांढरी पोटे वर करून. एकही पक्षी नाही. मेहुणा म्हणाला, खालचं काहीतरी वर येतंय. मी म्हटले, तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसते.
घरी आल्यावर तळाचा तो नऊचा आकडा आठवला. हा आकडा सप्टेंबरचा. कालबाह्य.

२३ ऑक्टोबर
१६.०६. दोन दिवस आमच्या काठाकडून समोरच्या तीराकडे सोसाट्याचा वारा. वरचे पाणी सगळे पलीकडे लोटले जात असल्यासारखे वाटते. वाऱ्यासाठी माझ्या पद्धतीत वेगळी तरतूद नाही, आवश्यकताही नाही.
हिने रात्री जेवताना ठरवले, की उद्या मनोऱ्यापर्यंत जायचेच. म्हणाली, पाणी सोळा आहे, मीच लाडावलेय. मी तिच्याकडे पाहिले. आता दर बदलला तर कारण द्यावे लागेल. मी म्हटले, जमेल तुला. तिला बरे वाटले.

२४ ऑक्टोबर
सकाळी फळ्यावर १६.०४ लिहिले. ती फळा वाचून, हात हलवून गेली. टोपी मनोऱ्यापर्यंत पोचलेली दिसली. परत येताना दिसेना. मनोऱ्याच्या शिडीला धरून होती, हाक मारता येत नव्हती. मेहुण्याने बोट काढली. त्याला मी बोलावून आणले; शक्य होते तेवढे केले.
नंतर मी पाण्यात उतरलो. कपड्यांसह, गुडघ्यापर्यंत. पुढे पाय हलेना.
पाणी सोळा नव्हते.
बोट आली तेव्हा शिडीवरची तिची बोटे एकेक करून सोडवावी लागली होती, असे मेहुणा म्हणाला. रुग्णवाहिकेत त्याने विचारले, की भाऊजी, फळ्यावर सोळा होतं ना? मी होय म्हटले. हे विधान अचूक आहे.

२६ ऑक्टोबर
माझ्या पद्धतीनुसार आज सोळा. फळा पुसला. पावसाने पुसला असता तरी चालले असते.

२९ ऑक्टोबर
ती घरी आली. जीव वाचला; बोटांना मात्र गरम-थंड कळत नाही. डॉक्टर म्हणतात, महिने लागतील. मेहुणा मदतीला इथेच राहिला आहे.
दुपारी नव्या थर्मामीटरचे पार्सल आले. तिच्यासमोरच उघडले गेले. तिने विचारले, जुना कुठे आहे? मी म्हटले, पाण्यात. तिने विचारले, कधीपासून? मी तारीख सांगितली.
संध्याकाळी तिच्या आंघोळीसाठी टब भरला. थर्मामीटर नवा, तपासलेला. पूर्ण तीन मिनिटे बुडवून, डोळ्यांसमोर धरून वाचला. ३७.० भरले. तिला सांगितले.
ती टबाच्या काठावर, टॉवेल गुंडाळून, माझ्या हातातल्या काचेकडे बघत बसली. स्वतःचा हात पाण्यात घातला, काढला, पुसला. मग दाराकडे तोंड करून भावाला हाक मारली आणि म्हणाली, जरा येऊन हात घालून बघ रे.